मोटरसायकलचं डिजिटल मीटर: आधी वीज आणि पाणी, स्क्रीन शेवटी

टेबलावर झकास चालणारं, घरी बनवलेलं मीटर गाडीवर पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतं, ते बहुधा प्रोग्राममुळे नाही. सप्लाय, पाणी आणि खडखड या तीन गोष्टी त्याला मारतात. म्हणून काम त्याच क्रमाने करा. जुनं मीटर केबलसकट जागेवर राहू द्या. स्पीडोमीटर कायद्याने सक्तीचा आहे आणि गाडी विकताना किलोमीटरही त्याच्यावरचेच बघतात. नवीन मीटर शेजारी बसवा.

बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना १४.४ पर्यंत जाते, आणि बॅटरीचं टर्मिनल सैल असेल तर त्याहून बरेच उंच झटके येतात. किल्ली फिरवल्यावरच सप्लाय येणारी वायर शोधा. तिच्यावर १ अँपिअरचा फ्यूज, मग झटके गिळणारा पी६केई१८ए डायोड अर्थला, पुढे सरळ लाइनीत १एन५४०८ हा साधा डायोड, १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि शेवटी व्होल्टेज ५ वर उतरवणारा एलएम२५९६ कन्व्हर्टर. त्याऐवजी ७८०५ रेग्युलेटर स्वस्त असला तरी नको. ०.३ अँपिअरला तो जवळपास ३ वॉट नुसती उष्णता काढतो, आणि बंद डब्यात ती जायला जागा नसते. कन्व्हर्टरचा स्क्रू मल्टीमीटर लावून आधी ५ व्होल्टवर आणा, मगच ईएसपी३२ (मीटरचा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) जोडा. कन्व्हर्टर कारखान्यातून कुठल्याही व्होल्टेजवर सेट होऊन येतो. हा क्रम उलटा झाला की बोर्ड गेलाच.

स्पीडसाठी ए३१४४ हॉल सेन्सर (मॅग्नेट जवळ आला की सिग्नल देणारा) आणि ६ बाय ३ मिलिमीटरचा एक निओडिमियम मॅग्नेट पुरतो. मॅग्नेट पुढच्या चाकाच्या हबवर अराल्डाइटने, सेन्सर शॉकअपच्या खालच्या नळीला पट्टी लावून, मधलं अंतर ३ मिलिमीटर. हा सेन्सर मॅग्नेटची एकच बाजू ओळखतो, तेव्हा चिकटवण्याआधी दोन्ही बाजू दाखवून बघा. त्याला सप्लाय ५ व्होल्टचा द्या, पण सिग्नलच्या वायरला १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टकडे बांधा. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतून पुल-अप, म्हणजे सिग्नल वर धरून ठेवणारा असा रेझिस्टर, नसतो. तिथे रेझिस्टर विसरलात तर उभ्या गाडीचा स्पीड ८० दिसेल.

चाकाचा परीघ टायरवरच्या आकड्यांवरून काढू नका. हवा नेहमीएवढी भरा, एकाला गाडीवर बसवा, टायरला खडूची खूण करून पाच फेरे ढकला आणि आलेल्या अंतराला पाचाने भागा. १८ इंची २.७५ टायरला साधारण १८७० मिलिमीटर येतं. एका फेऱ्याला लागलेले मिलिसेकंद मोजा. परिघाच्या मिलिमीटरला ३.६ ने गुणून (१८७० चे ६७३२) त्याला या मिलिसेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात: ११२ मिलिसेकंद म्हणजे ६०. दोन पल्समध्ये (पल्स म्हणजे मॅग्नेट समोरून गेल्यावर सेन्सरचा एक ठोका) ३० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर ती पल्स सोडून द्या, तो इग्निशनचा कचरा असतो. २ सेकंद पल्स आली नाही तर शून्य दाखवा, नाहीतर सिग्नलला थांबल्यावरही जुनाच आकडा लटकत राहतो.

आकडा जीपीएसशी ताडायचा तर सातारा ते कराड हायवेचा सरळ पट्टा गाठा आणि मोबाइल मागे बसणाऱ्याच्या हातात द्या. यवतेश्वर घाटात हे करू नका, वळणावर जीपीएस कमी दाखवतो. फरक उरलाच तर मीटर किंचित जास्त दाखवू दे, कमी कधीच नको.

इंडिकेटर आणि न्यूट्रलच्या वायरी थेट पिनला लावल्या तर बोर्ड जळतो. प्रत्येकीला पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडाने सिग्नल पुढे देणारा, म्हणजे गाडीची वीज बोर्डापर्यंत जात नाही) आणि २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. न्यूट्रलचा स्विच अर्थला जोडतो, त्यामुळे त्याची बाजू उलटी येते. जुन्या गाड्यांत हेडलाइट एसीवर चालतो. तिथे ऑप्टोच्या एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड जोडा. पेट्रोलच्या सेंडरचा (टाकीतली पातळी सांगणाऱ्या भागाचा) रेझिस्टन्स टाकी रिकामी आणि भरलेली असताना स्वतः मोजा, आणि २० ते ३० सेकंदांची सरासरी दाखवा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला काटा नाचतो.

एकूण किलोमीटर मेमरीत दर किलोमीटरला एकदाच लिहा. दर सेकंदाला लिहिलं तर ही फ्लॅश मेमरी झिजते.

स्क्रीनच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: नोकिया ५११० घ्या, म्हणजे त्या जुन्या मोबाइलची सुटी मिळणारी काळी-पांढरी स्क्रीन. रंगीत टीएफटी स्क्रीन दुकानात छान दिसते, पण दुपारच्या उन्हात तिच्यावर काही वाचता येत नाही. नोकियाची उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसते. मात्र तिला ३.३ व्होल्टच द्या.

डबा एबीएस प्लास्टिकचा, आयपी६५ चा (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारा), इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. काचेला न्यूट्रल सिलिकॉनच लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. हॉट ग्लू उन्हात सुटतो. डब्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात २ मिलिमीटरचं भोक पाडा. तापलेल्या डब्यावर अचानक सर आली की आत बाष्प धरतं, आणि त्याला वाट हवी. वायर ग्लँडमध्ये (डब्याच्या भोकात वायर घट्ट धरणाऱ्या बुचात) शिरण्यापूर्वी खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी खडखडाटाला टिकत नाहीत. सगळं पीसीबीवर सोल्डर करा आणि जोडाच्या मागे वायर बांधा. सेन्सरची वायर ब्रेक केबलसोबत न्या. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पुढचा शॉकअप दाबून ती कुठे ताणत नाही ना, ते बघा.