घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल तर जनुकीय तपासणी कशी करून घ्यावी

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणांमध्येच आजाराचं मूळ आईवडिलांकडून आलेल्या जनुकीय बदलात असतं. त्यामुळे घरात एकीला कर्करोग झाला म्हणून सगळ्यांनी तपासणीसाठी धावायची गरज नाही. पण पन्नाशीच्या आत झालेला, दोन्ही स्तनांत झालेला, 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारचा (म्हणजे ज्याच्या पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर-२ हे तिन्ही ग्राहक नसतात असा) किंवा एखाद्या पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग घरात असेल, तर दुर्लक्ष करू नका. अंडाशयाचा नेहमी आढळणारा, म्हणजे एपिथेलियल प्रकारचा कर्करोग तर कोणत्याही वयात झाला तरी ते एकच कारण तपासणीला पुरेसं आहे.

१. आधी घराण्याचा तक्ता करा

आईकडच्या आणि वडिलांकडच्या तीन पिढ्या कागदावर मांडा. कुणाला, कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी कर्करोग झाला ते लिहा. प्रोस्टेटचा आणि स्वादुपिंडाचाही धरा. 'आजीला पोटाचा कॅन्सर होता' एवढंच कुणी सांगितलं तर तिथे थांबू नका, कारण तो अंडाशयाचाही असू शकतो. जुना बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला तर फारच उत्तम.

वडिलांची बाजू हमखास सुटते. आई आणि मावशीबद्दल सगळे विचारतात, आत्याबद्दल कुणी विचारत नाही. अशा आनुवंशिक कर्करोगांमागे बहुतेकदा ज्या दोन जनुकांतला दोष असतो, त्यांपैकी बीआरसीए-१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं आणि बीआरसीए-२ हे १३व्या. स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी दोन्हींचा संबंध नाही. त्यामुळे वडिलांना स्वतःला काहीही झालेलं नसलं, तरी त्यांच्यातला बदल प्रत्येक मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते.

२. रक्त देण्याआधी समुपदेशकाला भेटा

जेनेटिक काउन्सेलर तक्ता पाहून तपासणीची गरज आहे का आणि कोणती करायची, ते सांगतात. स्वतःलाही एक प्रश्न विचारा: दोष निघाला तर मी काय करणार? उत्तर लगेच सुचलं नाही तरी चालेल, पण रिपोर्ट हातात पडल्यावर पहिल्यांदा हा विचार करणं फार जड जातं. तपासणी नको, असं ठरवण्याचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

३. सुरुवात आजारी व्यक्तीपासून

समजा, बहिणीला कर्करोग झालाय आणि तुम्ही ठणठणीत आहात. अशा वेळी तुमची नव्हे, आधी तिची तपासणी व्हायला हवी. तिच्यात अमुक जागी दोष सापडला आणि तुमच्यात तोच नसला, तर तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट खरोखर दिलासा देणारा ठरतो. तिची तपासणी न करता तुमचा निगेटिव्ह आला, तर त्याचे दोन अर्थ निघतात: घराण्यातला दोष तुमच्याकडे आला नाही, किंवा घराण्याचा दोष या चाचणीला सापडण्यासारखा नाहीच. यातलं खरं काय, ते तुमच्या एकटीच्या रक्तावरून कळत नाही. आजारी व्यक्ती हयात नसेल तर मात्र तिच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाची करावी.

४. नमुना

रक्त किंवा लाळ पुरते. आधी दुसऱ्याची बोनमॅरो घेऊन प्रत्यारोपण झालं असेल तर नक्की सांगा, कारण तुमच्या रक्तातला डीएनए दात्याचा असतो. पीएएलबी-२सारखी इतर जनुकं आणि जनुकाचे मोठे तुकडे गळाल्याची तपासणी यात आहे का, हेही विचारा. घरबसल्या करायच्या काही किट ठरावीक मोजकेच बदल पाहतात. त्यांच्या निकालावर विसंबू नका. रिपोर्टला काही आठवडे लागतात.

५. रिपोर्ट एकट्याने वाचू नका

दोष सापडला म्हणजे कर्करोग झाला, असं नाही. वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका दोन्ही बीआरसीए जनुकांतल्या दोषात ७० टक्क्यांच्या आसपास असतो. अंडाशयाचा बीआरसीए-१मध्ये सुमारे ४४ आणि बीआरसीए-२मध्ये सुमारे १७ टक्के. स्तनांसाठी साधारण पंचविशीपासून एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीही करत राहता येतं. अंडाशयाचा आजार वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून मुलं झाल्यावर, बीआरसीए-१मध्ये ३५ ते ४० आणि बीआरसीए-२मध्ये ४० ते ४५ या वयात अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. स्तन काढायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा; त्यासाठी कुणालाही घाई करू देऊ नका.

कधी रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' लिहिलेलं असतं. म्हणजे बदल दिसला, पण तो घातक आहे का हे अजून ठरलेलं नाही. केवळ त्याच्या आधारावर शस्त्रक्रिया करू नये. असे बरेच बदल पुढे निरुपद्रवी ठरतात, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी समुपदेशकाला पुन्हा विचारा.

६. नातेवाइकांना कळवा

दोष नक्की झाला असेल तर भावंडं, आत्या, काका, मावशी, मामा आणि चुलत-मावस भावंडांना सांगा, पुरुषांनाही. त्यांना फक्त तेवढा एकच बदल तपासावा लागतो आणि त्यासाठी तुमच्या रिपोर्टची प्रत लागते. सांगणं अवघड वाटलं तर समुपदेशकाकडून पत्र लिहून घ्या. लहान मुलांची तपासणी मात्र आत्ता करू नका. सज्ञान झाल्यावर त्यांचं त्यांना ठरवू द्या.