जुनी ट्रॅव्हलर घर करायला घेण्याआधी

गाडीचं घर करायचं ठरलं की लोक आधी सुताराला फोन लावतात. त्याचा नंबर खरं तर शेवटचा. आधी आरटीओ, मग वजनकाटा, मग पत्रेवाला, मग वायरमन आणि त्यानंतर सुतार, या क्रमाने गेलात तर बसवलेलं उखडायची वेळ येत नाही. पुढचं सगळं लिहिताना डोळ्यांसमोर आहे ती पुण्यात जुनी डिझेल ट्रॅव्हलर (फोर्सची मिनीबस) घेऊन दोघांपुरतं घर करू पाहणारी जोडी.

गाडी बघायला जाल तेव्हा बऱ्याचदा समोर येईल ती टुरिस्टवाल्याची, पिवळ्या पाटीची. आरसी हातात घेऊन चार गोष्टी बघा: चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतोय का, फायनान्सचा बोजा उतरलाय का (उतरला नसेल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी आल्याशिवाय टोकनही देऊ नका), फिटनेस आणि टॅक्स कधीपर्यंत आहे, आणि चलनं किती थकलीत. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी विकणाऱ्याने आणायची. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

आता खरा अडसर. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीट काढल्या की आसनक्षमता बदलते, म्हणजे तुम्ही या कलमात आलात. ‘मोटर कॅराव्हान’ म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, हा नोंदणीचा वेगळा प्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस-124 हे वाहन उद्योगाचं मानकही आहे. म्हणून गाडी घेण्याआधीच आपल्या आरटीओत अर्ज देऊन विचारा: हे मॉडेल, या वर्षाचं, या वर्गात नेता येईल का, कोणकोणते कागद लागतील? उत्तर लेखी घ्या. एजंट ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर आत डोकावतो तेव्हा तो एजंट शेजारी उभा नसतो. विमा कंपनीलाही बदल आधी कळवा. हे सगळं जमणार नसेल तर मारुतीची इको व्हॅन घ्या आणि सीटला हात न लावता उचलून ठेवता येईल असा पेटी-पलंग करून समाधान माना. मला विचाराल तर पहिल्या वर्षासाठी तेच शहाणपणाचं आहे. फक्त सीएनजी इको घेतलीत तर मागची सिलिंडरची जागा धरून पलंगाची उंची ठरवा.

कागद मार्गी लागले की रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या. पुढचा अ‍ॅक्सल वेगळा, मागचा वेगळा, मग पूर्ण, अशा तीन पावत्या घ्या. आरसीवरच्या एकूण (भरल्या गाडीच्या) वजनातून ही रिकामी गाडी वजा केली की घर, पाणी, सामान आणि माणसं मिळून तुमच्या वाट्याला किती किलो येतात ते कळतं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण पुढे प्रत्येक जण तो खायलाच येणार आहे. फ्लॅटची फर्निचरं करणारा सुतार सवयीने 18 मिलिमीटरचा प्लाय सांगतो. आठ बाय चारचं ते एक पान पस्तीस किलोच्या आसपास भरतं. सहा पानं म्हणजे दोनशे किलो, आणि अजून गादी आलेली नाही. कपाटांना 9 किंवा 12 मिलिमीटर पुरतो, जाड प्लाय फक्त पलंगाच्या आडव्या पट्टीला. सनमायका टाळा, पॉलिश करा. पाणी लिटरला किलो, हे सगळ्यांना पाठ असतं आणि टाकी घेताना कुणालाच आठवत नाही. दोघांना साठ लिटरमध्ये दोन-तीन दिवस निभतात. वीस लिटरचे तीन कॅन घेतलेत तर धाब्यावर, मंदिरात, कुठेही उचलून भरता येतात. बसवलेल्या टाकीला पाइप पोचेल अशी जागा शोधत फिरावं लागतं. जड वस्तू दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये आणि खाली, डावी-उजवीकडे सारख्या. टपावर सोलर सोडून काही नको, वळणाच्या घाटात गाडी झुलते. काम संपल्यावर भरल्या गाडीनिशी पुन्हा काट्यावर जायचंच आहे. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर आणि ब्रेक लायनिंगचे पैसे आधी बाजूला काढा. हे सामान नाना पेठेत मिळतं.

पत्र्याचं काम आतली सगळी लायनिंग उतरवूनच. दाराचा उंबरा, चाकांच्या वरची कमान, काचांच्या रबराखालची कड, गंज तिथेच असतो. तो घासून, प्रायमर मारून, रंग सुकल्यावरच इन्सुलेशन. ग्लासवूल आणू नका. कोकणच्या हवेत ते ओल धरतं आणि मागचा पत्रा आतून सडतो. नायट्राइल रबर फोमच्या शीट पत्र्याला घट्ट चिकटवा, मध्ये हवेची फट राहिली तर तिथे पाणी सुटतं. हात आखडता घ्यायचा असेल तर भिंतींना घ्या, टपाला नाही. खिडक्या समोरासमोर, मच्छरदाणीसकट, आणि टपाला बाहेर हवा फेकणारा पंखा. आतली रुंदी भिंतींची पॅनेलं धरून मोजा आणि पलंग आडवा की उभा हे स्वतः जमिनीवर झोपून ठरवा. मागचं आणीबाणीचं दार पलंगाने बंद होता कामा नये, यावर तडजोड नाही.

वायरमनकडे जाण्याआधी एक संध्याकाळ हिशोबाला द्या. तीस वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा दहा तास म्हणजे 300 वॅट-तास. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला पाचशेच्या घरात धरा. दिवे, फोन, लॅपटॉप मिळून अडीचशे. झाले हजारावर. 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी 1,280 वॅट-तासांची आणि बारा-तेरा किलोची. तेवढंच काम घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीकडून घ्यायचं तर दुप्पट क्षमता लागते, कारण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि तुम्ही तिच्या डोक्यावर झोपणार आहात. लिथियमचंही एक पथ्य आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. स्पितीचा बेत असेल तर थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आहे का, ते दुकानातच विचारा. टपावर 400 वॅटचं पॅनेल कोरड्या महिन्यांत हा खर्च भरून काढतं. जुलैत कोकणात त्याच्या चौथाईचाही भरवसा नाही, म्हणून चालत्या इंजिनवर चार्ज करणारा 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा; तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये साडेतीनशेच्या पुढे वॅट-तास परत येतात.

विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत सगळं मिळेल, पण दुकानदाराला ‘बारा व्होल्ट डीसी’ असं दोनदा सांगा. घरच्या वायरिंगची सवय इथे आग लावते. 1,500 वॅटचा इंडक्शन बारा व्होल्टवर सव्वाशेच्या वर अँपिअर ओढतो, त्याला बोटाएवढी जाड केबल लागते. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज, प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज, आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं. नसेल तर गाडीच्या थरथरीने पत्र्याची धार वायर कापते.

गॅस हवा असेल तर पाच किलोचा सिलिंडर, पट्ट्याने उभा बांधलेला, तळाला बाहेर उघडणारं भोक असलेल्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर फरशीवर साचतो. वरची खिडकी उघडी ठेवून उपयोग नाही. दाराजवळ एबीसी अग्निशामक, पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. संडासासाठी पोर्टेबल पॉटी घ्याच, निदान घरातल्या बायकांना विचारून मग नाही म्हणा. सिंकचं पाणी कॅनमध्येच पडलं पाहिजे.

आता सुतार येऊ दे. खिळे बंद, नुसता फेव्हिकॉल बंद. पत्र्याच्या बरगड्यांना रिव्हनट (पत्र्यात पक्का बसणारा आटेदार नट), त्यात बोल्ट, वर थरथरीने न सुटणारा नायलॉक नट. ड्रॉवरना दाबून उघडायची कडी, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला कांदे ड्रायव्हरच्या पायाशी.

सोसायटीच्या गेटची आणि पार्किंगच्या कमानीची उंची मोजा, आणि सोलर पॅनेल, पंखा धरून गाडीचीही. सेक्रेटरींशी बोलणं वेगळं. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हान पर्यटन धोरण आणलं, त्यात कॅराव्हान पार्कची तरतूद आहे, पण रात्री कुठे थांबायचं ते दुपारीच फोन करून पक्कं करा. कृषी पर्यटनवाले सहसा नाही म्हणत नाहीत.

पहिली चाचणी ताम्हिणीत, भर पावसात, सामान भरून. टपावरच्या प्रत्येक भोकाखाली टिश्यू चिकटवून ठेवा. परत आल्यावर जो ओला निघेल तिथला पीयू सीलंट खरवडून पुन्हा भरा, आणि पन्नास किलोमीटरनंतर सगळे नट एकदा पाना लावून आवळा.