ईआर-पीआर रिपोर्ट कसा वाचावा आणि पुढची दहा वर्षं कशी आखावीत

मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला. तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला, तेव्हा तो लॅबमध्ये पोचवायचं काम माझ्याकडे आलं. हातात एक लहान बाटली दिली, वर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव, आत सलाइन. लॅब बंद झाली होती म्हणून बाटली रात्रभर घरीच राहिली. रिपोर्ट आला: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह. महिन्याभराने ऑपरेशन झालं, दुसऱ्या रुग्णालयात पूर्ण गाठ नीट तपासली गेली आणि तिचाच ईआर ८ पैकी ८ निघाला. मधला महिना 'हिला हॉर्मोन रोखणाऱ्या गोळ्या लागू पडणार नाहीत' असं धरून आम्ही काढला. तो महिना दुसऱ्या कुणाच्या घरात येऊ नये म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

आधी: ईआर-पीआर म्हणजे काय

ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा. बायकांच्या शरीरातली ही दोन हॉर्मोन्स रक्तातून फिरतात आणि ज्या पेशीत त्यांना धरून ठेवणारं प्रथिन असतं तिथेच काम करतात. कॅन्सरच्या पेशीत हे प्रथिन असेल, तर ती इस्ट्रोजेनवर वाढते. म्हणजे तिचं खाणं तोडायची वाटही आपल्याला सापडते. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननी १८९६ मध्येच दाखवलं होतं की अंडाशय काढल्यावर काही बायकांची स्तनातली गाठ आक्रसते. सगळ्यांचीच का नाही, हे कळायला रिसेप्टर सापडेपर्यंत साठेक वर्षं थांबावं लागलं.

म्हणून या रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' शब्द दिसला की घाबरू नका. इथे पॉझिटिव्ह म्हणजे उपचाराचा आणखी एक दरवाजा उघडा आहे.

पहिली पायरी: तुकडा नीट जपला गेला का ते पाहा

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि आमचं घोडं इथेच अडलं. काढलेला तुकडा शक्यतो तासाभरात फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवून ठेवणाऱ्या द्रवात, जायला हवा, तेही १० टक्क्यांच्या बफर केलेल्या. त्यात तो किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. सलाइनमध्ये पडून राहिला तर रिसेप्टरचं प्रथिन खराब होतं आणि असलेला ईआर दिसत नाही. लहान गावांत बाटली नातेवाइकांच्याच हाती देतात. तुमच्या हाती आली तर तिथेच विचारा: आत फॉर्मलिन आहे ना? तुकडा किती वाजता काढला, ते लेबलवर लिहिलंय का? विचारताना संकोच वाटतो, मलाही वाटला असता. तरी विचारा.

दुसरी पायरी: आकडे वाचा

तपासणीचं नाव आयएचसी. काचेवरच्या पातळ कापाला रंग देतात. ज्या पेशीत रिसेप्टर आहे तिचं केंद्रक तपकिरी दिसतं, बाकीची निळसर राहतात. मोठ्या रुग्णालयात एका डॉक्टरांनी मला मावशीची स्लाइड दाखवली होती. निळ्या पार्श्वभूमीवर खसखशीच्या दाण्यांसारखे दाट तपकिरी ठिपके, अख्खं क्षेत्र भरलेलं. मग त्यांनी कडेला बोट ठेवलं: 'ही निरोगी नलिका. हिच्यातही थोड्या पेशी रंगायला हव्यात. ही रंगली नसेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर माझा विश्वास बसत नाही.'

रिपोर्टमध्ये किती टक्के पेशी रंगल्या ते असतं, किंवा ऑलरेड स्कोअर असतो. किती पेशी रंगल्या याचे ५ पर्यंत गुण, रंग किती गडद याचे ३ पर्यंत, एकूण ८. ऑलरेडमध्ये ३ किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह. टक्केवारीत १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह. पण १ ते १० टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' म्हणतात. अशा गाठी बऱ्याचदा निगेटिव्हसारख्याच वागतात, त्यामुळे 'पॉझिटिव्ह आहे ना' एवढ्यावर थांबू नका, आकडा विचारा. ईआर निगेटिव्ह आणि पीआर मात्र पॉझिटिव्ह असं क्वचितच असतं. तसं आलं तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. ईआर पॉझिटिव्ह पण पीआर निगेटिव्ह असेल, तर गोळ्या लागू पडतात, पण आजार थोडा जास्त खोडकर समजतात.

शेजारी हर-टू असेल, म्हणजे पेशीची वाढ करणारं आणखी एक प्रथिन: ० किंवा १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, आणि २+ आलं तर फिश नावाची पुढची तपासणी झाल्याशिवाय निर्णय नाही. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह. आपल्याकडे या प्रकाराचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त दिसतं. त्यातला काही भाग तरी माझ्या त्या बाटलीसारख्या बाटल्यांमुळे असेल का, असं मनात येतं.

तिसरी पायरी: पुढच्या वर्षांचा अंदाज समजून घ्या

'पाच वर्षं निघाली की सुटलो' असं सगळे म्हणतात. ट्रिपल निगेटिव्हच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. तो उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या तीन-चार वर्षांत उलटतो, पाच वर्षांनंतर धोका खूप उतरतो. ईआर पॉझिटिव्हची चाल वेगळी. सुरुवातीची वर्षं शांत जातात, पण लहानसा धोका मागे रेंगाळत राहतो, दहा वर्षं, पंधरा वर्षं, वीस वर्षं.

२०१७ मध्ये ६२ हजारांहून जास्त ईआर पॉझिटिव्ह बायकांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांनी पाच वर्षं गोळ्या घेतल्या होत्या आणि पाचव्या वर्षी त्यांच्यात कॅन्सर नव्हता. गाठ २ सेंमीपर्यंत आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, अशा १०० जणींपैकी साधारण १३ जणींना पुढच्या १५ वर्षांत शरीरात दुसरीकडे तो पुन्हा झाला. तेवढीच गाठ पण १ ते ३ ग्रंथींत आजार, तर २०. ४ ते ९ ग्रंथींत, तर ३४. गाठ २ ते ५ सेंमी आणि ४ ते ९ ग्रंथी, तर ४१.

हे वाचून छातीत धस्स होतं, ठाऊक आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिल्या गटात १०० पैकी ८७ जणींना तो दूरवर परतला नाही. आणि या बायकांचे उपचार बऱ्याच वर्षांपूर्वीचे. आज जास्त धोका असलेल्यांना अॅबेमासिक्लिबसारखी औषधंही जोडीला देता येतात. डॉक्टरांना नेमकं विचारा: 'माझी गाठ किती सेंमी, किती ग्रंथी तपासल्या, किती निघाल्या, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ती पायरी) कितवी? त्यावरून गोळ्या पाच वर्षं की दहा?'

चौथी पायरी: गोळी, रोज

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. ईआर पॉझिटिव्ह बायकांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, म्हणजे इस्ट्रोजेनला रिसेप्टरवर अडवणारी गोळी, घेतल्यास कॅन्सरने मृत्यू होण्याचं प्रमाण पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने घटतं. एवढ्या स्वस्त गोळीचं हे काम. तरीही पुष्कळ जणी ती मधेच सोडतात, कारण गाठ गेलेली असते आणि त्रास फक्त गोळीचाच उरतो.

पाळी चालू असेल तर सहसा टॅमॉक्सिफेन, २० मिग्रॅ रोज. पाळी गेली असेल तर बहुधा लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं कमी करणाऱ्या गोळ्या. इथे एक मोठी चूक होते. केमोनंतर पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली, असं नाही. अंडाशय पुन्हा जागे झाले तर नुसतं लेट्रोझोल निकामी ठरतं. पन्नाशीच्या आतल्या बाईने हे स्पष्ट विचारायलाच हवं. अशा वेळी अंडाशय शांत ठेवणारं इंजेक्शन सोबत लागतं.

टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात. पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेलं, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि रक्ताची गुठळी हे या गोळीचे क्वचित पण खरे धोके आहेत. ती चालू असताना गर्भ राहू देऊ नये. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर सांगा, ती टॅमॉक्सिफेनचा जोर कमी करू शकतात. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, म्हणून सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. आणि सांधे धरतात. मावशीला सकाळी पोळ्या लाटता येईनात, बोटंच वळायची नाहीत. ती गुपचूप गोळी सोडणार होती. डॉक्टरांनी तीन आठवडे थांबवून दुसरी गोळी दिली, रोज चालायला लावलं, दोन-तीन महिन्यांत हात सुटले. सोडायच्या आधी बोला, बदलायला दुसरी गोळी असते.

तिने कालनिर्णय भिंतीवर गोळ्यांसाठी वेगळं लावलंय. गोळी घेतली की त्या तारखेवर हळदीच्या बोटाचा ठिपका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, तो चौकोन कोराच राहू द्यायचा.

पाचवी पायरी: फाइल आणि ब्लॉक सांभाळा

पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, वर्षातून एकदा मॅमोग्राम. काही त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅन करायची गरज नसते. हाडात एकाच जागी आठवडे टिकलेलं दुखणं, वाढता दम, व्रणाजवळ नवी गाठ, यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि कधी आजार परतलाच, तर शक्य असेल तिथे नव्या जागेचा तुकडा काढून ईआर पुन्हा तपासा. मधल्या वर्षांत तो बदललेला असू शकतो.

गाठीचा मेणातला ब्लॉक, म्हणजे ज्यातून स्लाइडसाठी काप घेतात तो मेणात बसवलेला तुकडा, लॅबकडे असतो. त्याचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा आणि तो किती वर्षं ठेवणार ते विचारा. त्या महिन्यात आम्ही ती पहिली निगेटिव्ह स्लाइड परत मागितली होती, ती मिळाली नाही. ऑपरेशनच्या गाठीचा ब्लॉक मात्र मावशीने सही करून ताब्यात घेतलाय. लग्नाच्या शालूखाली, औषधाच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळून.