बीएमएक्स रेस कशी चालते, कशी पाहावी आणि पहिल्यांदा कशी करावी

ऑलिंपिक चालू असताना चॅनेल बदलता बदलता बीएमएक्सची (म्हणजे बायसिकल मोटोक्रॉसची) रेस लागते. आठ जण उतारावरून सुटतात, उड्या मारतात, एखाद-दुसरा आपटतो, आणि आपण नीट सावरून बसेपर्यंत रेस संपलेली असते. सगळा मामला 30 ते 45 सेकंदांचा. कोण जिंकलं ते दिसतं, का जिंकलं ते कळत नाही. कारण आपलं लक्ष उड्यांकडे असतं, आणि रेसचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या वळणाआधीच लागलेला असतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे लहान चाकांची, उंच हँडलची कुठलीही सायकल दिसली की तिला बीएमएक्स म्हणायची सवय आहे. कठड्यांवरून कसरती करतात तो प्रकार म्हणजे फ्रीस्टाइल. त्यात परीक्षक गुण देतात. रेसिंग हा वेगळा खेळ. इथे परीक्षक नाहीत, शैलीला गुण नाहीत, जो आधी पोहोचला तो पहिला. 1970 च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसवाल्यांची (मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवणाऱ्यांची) नक्कल करत मातीच्या ढिगाऱ्यांवरून सायकली पळवायला लागली, तिथून हा खेळ सुरू झाला. ऑलिंपिकमध्ये रेसिंग आलं 2008 साली, बीजिंगला. फ्रीस्टाइलला टोकियोपर्यंत थांबावं लागलं.

पायरी 1: सायकल आणि ट्रॅक नजरेखालून घाला

चाकं 20 इंची, गिअर एकच, ब्रेक एकच आणि तोही मागचा. सीट इतकी खाली की ती बसण्यासाठी नाहीच, हे लगेच लक्षात येतं. अख्खी रेस उभ्यानेच होते. पुढे 44 आणि मागे 16 दात हे नेहमीचं प्रमाण आहे, म्हणजे पायडलाच्या एका फेरीत सायकल चार मीटरच्या थोडी पुढे जाते. खरी पंचाईत इथेच आहे. उभ्या जागेवरून निघताना हा गिअर जड वाटतो आणि उतारावर वेग आला की पाय पुरे पडत नाहीत. बदलायला दुसरा गिअर नसल्यामुळे एक-दोन दातांच्या फरकावर खेळाडू तासन्तास वाद घालतात.

ट्रॅक साधारण 300 ते 400 मीटरचा. एका टोकाला सुरुवातीची टेकडी, मग उंचवट्यांनी भरलेले सरळ पट्टे, आणि त्यांना जोडणारी तिरक्या भिंतीसारखी वळणं. या वळणांना बर्म म्हणतात. अव्वल खेळाडूंची टेकडी 8 मीटर उंच, म्हणजे दुमजली घराहूनही वर. वयोगटांच्या स्पर्धांना ती 5 मीटरच्या आसपास असते, आणि गावोगावच्या क्लबांकडे बरीच कमी.

पायरी 2: गेटकडे बघा, बाकी सगळं नंतर

टेकडीच्या माथ्यावर एक लोखंडी फळी उभी असते, तीच गेट. आठही जण पुढचं चाक तिला टेकवतात, दोन्ही पाय पायडलवर ठेवतात आणि तसेच तोल सांभाळून उभे राहतात. ध्वनिमुद्रित आवाज येतो: "ओके रायडर्स, रँडम स्टार्ट... रायडर्स रेडी, वॉच द गेट." त्यानंतर शांतता. ही शांतता किती वेळाची, ते यंत्र ठरवतं: 0.1 ते 2.7 सेकंदांमध्ये काहीही. मग चार बीप आणि चार दिवे, लाल, पिवळा, पिवळा, हिरवा, आणि फळी पुढे आडवी पडते. अंदाजाने आधीच सुटायचा मोह धरला तर चाक पडत्या फळीवर आपटतं आणि रेस तिथेच हातची जाते.

अनुभवी खेळाडू हिरव्या दिव्याची वाट बघत बसत नाहीत. पहिल्या बीपलाच अंग हलायला लागतं. आधी कंबर किंचित मागे, मग हँडलकडे जोरात पुढे, असं की फळी पडायला आणि चाक सुटायला एकच गाठ पडावी. पुन्हा कधी रेस बघाल तेव्हा या अर्ध्या सेकंदात खेळाडूंच्या कमरेकडे बघा. कोण आधी निघणार ते तिथे दिसतं. पुढच्या दोनेक सेकंदांत हे लोक ताशी 50-60 किलोमीटरच्या घरात पोहोचलेले असतात.

पायरी 3: पहिल्या वळणात कोण कुठे आहे ते टिपा

पहिलं वळण ज्या बाजूला वळतं, त्या बाजूची गेटवरची जागा आतली (या जागेलाही गेटच म्हणतात). आतल्याला अंतर कमी पडतं आणि तो बाहेरच्यांना वळणात आणखी बाहेर सरकवू शकतो. म्हणून बाद फेऱ्यांत ज्याची आधीची कामगिरी चांगली, त्याला गेट निवडायचा मान आधी मिळतो, आणि तो बहुधा आतलंच घेतो.

एकदा पुढे गेलेल्याला मागे टाकणं अवघड, पण अशक्य नाही. नेहमीचा डाव असा: वळणात वरून शिरायचं, पुढचा मध्यावर असताना एकदम खाली उतरायचं आणि बाहेर पडताना त्याच्या आतून निघायचं. पुढच्याला हा डाव माहीत असतो, त्यामुळे तो आतली बाजू धरून ठेवतो. नियमाप्रमाणे पुढचा खेळाडू ट्रॅकवर हवी ती जागा घेऊ शकतो. फक्त शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याने मुद्दाम कोणाची वाट अडवायची नाही.

पुढे निघून टिकणं कसं असतं ते बघायचं असेल, तर 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकची महिलांची अंतिम रेस शोधून बघा. ब्रिटनची बेथनी श्राइव्हर पुढे आणि मागून कोलंबियाची मारियाना पाहोन, जिच्याकडे आधीची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं होती. शेवटच्या पट्ट्यात अंतर कमी कमी होत गेलं आणि श्राइव्हर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी फरकाने जिंकली. 2024 ला पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराने तर सुरुवातीच्या फेरीपासून एकही रन, म्हणजे एकही रेस, हरली नाही.

पायरी 4: गुणांचा हिशोब लावा

नवख्याचा गोंधळ उडतो तो इथे. एका रेसला मोटो म्हणतात. सुरुवातीला प्रत्येक गटाच्या सहसा तीन मोटो होतात. पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, आठव्याला 8. बेरीज ज्याची कमी तो वर. आठांतले चार पुढच्या फेरीत जातात, असं करत करत अंतिम फेरी येते, आणि ती एकाच रनची असते.

यामुळे एक मजा होते. बाद फेरीत चौथा आलेला माणूस हात उंचावतो आणि पाचवा मान खाली घालतो. चौथ्याला तिसऱ्याच्या मागे जीव काढायची गरज नसते. त्याला फक्त पाचव्याला आवरायचं असतं. कॅमेरा पहिल्यावर असतो, पण खरी मारामारी चौथ्या-पाचव्यात चाललेली असते.

टोकियोतच अमेरिकेचा कॉनर फील्ड्स, आधीच्या ऑलिंपिकचा विजेता, उपांत्य फेरीच्या (तीही तीन रनची होती) तिसऱ्या रनमध्ये भयंकर पडला. आधीच्या दोन रनच्या गुणांवर तो अंतिम फेरीत पोहोचलाही होता, पण तोवर त्याला रुग्णालयात हलवलं होतं.

पायरी 5: स्वतः उतरायचं असेल तर

अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी घरांना हे सोपं आहे. तिथे लहान शहरांतही क्लबचा ट्रॅक सापडतो, आणि पहिल्या दिवशी सायकल आणि हेल्मेट उसनं देणारे क्लब बरेच आहेत. म्हणून आधीच महागडी सायकल घेऊ नका. मुलाला दोन-तीन वेळा फिरू द्या, मग ठरवा.

हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट, लांब बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि हातमोजे, यात तडजोड नाही. घरची सायकल नेणार असाल तर स्टँड, चेनकव्हर, रिफ्लेक्टर आणि चाकांच्या आसाला लावलेले कसरतीचे खुंट काढून टाका. हँडलची टोकं रबराने पूर्ण झाकलेली हवीत. उघड्या नळीवर पोट आदळलं तर काय होतं ते सांगायला नको. बूट अडकवायची पायडलं लहान मुलांना चालत नाहीत आणि मोठ्या नवशिक्यांनीही ती घेऊ नयेत. साधी रुंद पायडलं घ्या.

ट्रॅकवर पहिलं काम उडी मारणं नाही. चाकं जमिनीला धरून अख्खी फेरी मारायची. उंचवट्यावर चढताना हातपाय दुमडून तो अंगात जिरवायचा आणि उतरताना सायकल खाली रेटायची. याला पंप म्हणतात. नीट जमलं तर पायडल न मारताही वेग वाढतो. उड्यांच्या नादी लागलेल्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, पण हवेत असताना सायकलला जोर लावता येत नाही, त्यामुळे अव्वल खेळाडूसुद्धा शक्य तितकं खालूनच जातात.

जवळ ट्रॅक नसेल तर गेटचा सराव अंगणातही होतो. पुढचं चाक भिंतीला टेकवा, दोन्ही पायडलं जमिनीला समांतर, ताकदीचा पाय पुढे, आणि उभे राहा. सुरुवातीला चार-पाच सेकंदांत पाय खाली येईल. गुडघे लॉक न करता, नजर चाकावर न ठेवता समोर ठेवली की तोल टिकायला लागतो. सपाट जागेवर उंचवटे करून केलेला पंप ट्रॅक मिळाला तर उत्तमच.

स्पर्धेच्या दिवशी वयोगट ठरवताना जन्मतारीख बघत नाहीत. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करतात, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांत जाऊन पडतं. नाव नोंदवलं की फलकावर मोटोचा क्रमांक आणि प्रत्येक मोटोचं गेट लावतात. ते मुलाच्या हातावर पेनने लिहून ठेवा, हेल्मेटच्या आत ते विसरायला होतं. आणि पडलं, रडलं, तरी पुढच्या मोटोला उभं करा. सुरुवात करून रेस अर्धवट सुटली तर शेवटच्या क्रमांकाएवढे गुण पडतात, पण गेटवर आलंच नाही तर त्यावर आणखी 2 चढतात.