टाकी आडवी करू नका
हॉटेलच्या किचनमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी लिहितोय. गॅसच्या टाकीची गळती साबणाच्या पाण्याने बघायची, नळी वेळेवर बदलायची, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी कुठे फसलो तेवढंच सांगतो.

मी चायनीजच्या भट्टीवर होतो. शनिवारची रात्र, ऑर्डरी तुंबलेल्या आणि ज्योत बसायला लागली. मागे जाऊन पाहिलं तर १९ किलोच्या टाकीवर कमरेपर्यंत पांढरं हिव साचलेलं. हलवली तर आत डुचमळतंय. वस्ताद म्हणाले, "आडवी टाक रे, अजून तासभर चालेल." टाकली. ज्योत तरारली, मग पिवळी झाली आणि कढईवरून थेट चिमणीला भिडली. भुवया गेल्या माझ्या. वस्ताद काउंटरपाशी उभे होते, त्यांना काय.

हे का झालं ते कळायला मला वर्ष लागलं. टाकीत गॅस पातळ, म्हणजे पाण्यासारखा द्रव असतो. आपण जाळतो ती वर साठलेली वाफ. वाफ व्हायला ऊब लागते, ती पातळ गॅसातून आणि टाकीच्या पत्र्यातून ओढली जाते. भट्टीची ओढ मोठी असली की टाकी गारठते आणि दाब पडतो. हिवाची रेघ जिथवर, साधारण तिथवर गॅस शिल्लक आहे. म्हणजे टाकी संपलेली नसते, दमलेली असते. तशीच आडवी केली की वाफेऐवजी पातळ गॅसच नळीत उतरतो. एक लिटर पातळ गॅसाची जवळपास २५० लिटर वाफ होते. बर्नरला ते कसं झेपणार?

टाकीवर गरम पाणी ओतणं, टाकी भट्टीजवळ सरकवणं, ही त्याच जुगाडाची भावंडं. खरा उपाय कंटाळवाणा आहे: मॅनिफोल्डवर (टाक्या एकत्र जोडायच्या पाइपावर) दोन-तीन टाक्या एकदम चालू ठेवा, म्हणजे ओढ वाटली जाते. मालक कुरकुरेल. फक्त एकूण साठा १०० किलोच्या वर गेला की परवाना लागतो, म्हणजे परवान्याशिवाय १९ किलोच्या पाचच टाक्या.

हातावरचे चट्टे दाखवून शिकवणाऱ्या वस्तादांवर माझा आता विश्वास नाही. टाक्या पोचवणाऱ्या दादाने मला जास्त शिकवलं. टाकीच्या वरच्या पट्टीवरचं अक्षर आणि आकडा त्यानेच वाचायला लावला: 'सी' आणि २७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत चाचणीची मुदत. आणि रिकाम्या टाक्या आम्ही मोरीच्या जाळीशेजारी रचायचो, त्यावरून तर त्याने मला झापलंच. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत सरकत गटारात उतरतो, आणि आमचा एक्झॉस्ट छताला! वास आलाच तर तो एक्झॉस्ट लावायलाही बटणाला हात लावू नका. जमलं तर व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब जाऊन १९०६ ला, गॅस गळतीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

एवढं वाचून घाबरू नका. उभी, सावलीत, हवेशीर जागी ठेवलेली टाकी गरीब असते. मी अजून त्याच भट्टीवर आहे.

परवा नवा पोरगा येऊन म्हणाला, "दादा, टाकी गार पडलीय." दुसरी जोडली, जोड साबणाने बघितले. प्लेट उशिरा गेली, गिऱ्हाईक बोललं. बोलू दे.