अ‍ॅनोव्हा आणि रिग्रेशन करताय? पी-व्हॅल्यूच्या आधी डीएफ बघा, आणि या चुका टाळा

अ‍ॅनोव्हा म्हणजे गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे का ते तपासणं, आणि रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी रेघ काढणं. मागे एका पीएचडी करणाऱ्या मुलीने मला फाइल पाठवली. तीन गट, प्रत्येकात ३० विद्यार्थी, शिकवायच्या तीन पद्धती आणि शेवटी टेस्टचे गुण, एवढंच. तिची तक्रार अशी की "सर, दुसरा गट उघड उघड पुढे आहे तरी रिझल्ट सिग्निफिकंट का येत नाहीये?" आकडे जरा सोपे करून सांगतो : मीन (सरासरी) होते ५२, ६४ आणि ५५, प्रत्येक गटाचं एसडी (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १० च्या आसपास. आउटपुटमध्ये एफ (मॉडेलने पकडलेला फरक उरलेल्या फरकाच्या किती पट आहे तो आकडा) १.०९.

मी फक्त एफच्या शेजारचे डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे हिशोबात मोकळे उरलेले आकडे) बघितले. १ आणि ८८. तिथेच कळलं काय झालंय ते. तीन गट असतील तर गटांचे डीएफ २ यायला पाहिजेत आणि ९० मुलांमागे एररचे (गटांनी न उलगडलेल्या फरकाचे) ८७ उरले पाहिजेत, इथे १ कुठून आला? तर तिने पद्धतींना १, २, ३ असे कोड दिले आणि तो कॉलम तसाच रिग्रेशनमध्ये टाकला. सॉफ्टवेअर बिचारं काय करणार, त्याला वाटलं की ३ म्हणजे १ च्या तिप्पट काहीतरी आहे, त्याने ५२, ६४, ५५ मधून एक सरळ रेघ ओढली, रेघेचा चढ आला १.५ आणि मधल्या गटाची १२ गुणांची आघाडी सगळी एररमध्ये जाऊन बसली. तोच डेटा गट म्हणून दिला तर एफ येतो ११.७. म्हणजे डेटा तोच, मुलं तीच, आणि निष्कर्ष एकदम उलटा!

उपाय सोपा आहे. आर वापरत असाल (आर आणि एसपीएसएस ही आकडेवारीची सॉफ्टवेअर) तर कॉलमला आधी फॅक्टर (आकडे नाही, गटांची नावं आहेत असं सांगणारा कॉलम) करा, एसपीएसएसमध्ये तो फिक्स्ड फॅक्टरच्या डब्यात टाका, कोव्हेरिएटच्या (जिथे तो आकडा म्हणून धरला जातो) नाही. रिग्रेशनच करायचं असेल तर डमी व्हेरिएबल (मूल त्या गटात असेल तर १, नसेल तर ०) बनवा, गटांच्या संख्येपेक्षा एक कमी. पहिला गट रेफरन्स धरला तर इंटरसेप्ट (रेफरन्स गटाची सरासरी) येईल ५२, एका डमीचा कोइफिशंट (त्या गटाचा रेफरन्सपासूनचा फरक) १२, दुसऱ्याचा ३, आणि एफ पुन्हा तोच ११.७, आर-स्क्वेअर (गुणांतल्या एकूण फरकापैकी गटांनी उलगडलेला वाटा) ०.२१, जो अ‍ॅनोव्हाचा इटा-स्क्वेअरसुद्धा आहे. व्हायव्हात "अ‍ॅनोव्हा का केलं, रिग्रेशन का नाही" असं विचारलं की लोक गडबडतात, पण आतून दोन्ही एकच मॉडेल आहे हो, फक्त आउटपुटची मांडणी वेगळी.

तेव्हापासून माझी सवयच झालीये, आउटपुट आला की पी (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता) नंतर, आधी डीएफ. टोटल डीएफ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या वजा एक. तुम्ही २०० प्रश्नावल्या भरून घेतल्यात आणि टोटल डीएफ १४१ दिसतोय तर ५८ जण गुपचूप गायब झालेत, कारण एखाद्या रकान्यात उत्तर रिकामं असलं की सॉफ्टवेअर आख्खी ओळच टाकून देतं. थिसिसमध्ये मात्र एन (नमुन्याची संख्या) २०० छापलेला. याच्या उलटीही गंमत असते, रिकाम्या जागी ९९९ टाकलेलं असतं आणि ते मिसिंग आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचंच राहून जातं. शंभर मुलं रोज सरासरी ३ तास अभ्यास करतात, त्यातल्या एकाच ओळीत ९९९ राहिला तर सरासरी जवळजवळ १३ तास होते, आणि रिग्रेशनची रेघ त्या एका ठिपक्यामागे धावत सुटते. म्हणून कुठलीही टेस्ट लावण्याआधी प्रत्येक कॉलमचा मिनिमम-मॅक्सिमम बघाच, दोन मिनिटांचं काम आहे.

आता सगळ्यात मोठी चूक, जी डीएफमध्ये दिसते पण कोणी बघत नाही. तीन पद्धतींच्या अभ्यासात एररचे डीएफ २३७ दिसले की छान वाटतं, पण ही २४० मुलं सहा वर्गांमधून आलेली असतात. एका वर्गातल्या मुलांचे शिक्षक तेच, वेळापत्रक तेच, शेवटच्या तासाचा कंटाळासुद्धा तोच, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. हिशोब करून बघा : वर्गात ४० मुलं आणि इंट्राक्लास कोरिलेशन (एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी किती ते) ०.१५ धरलं तर डिझाइन इफेक्ट (नमुना किती पटीने आक्रसतो ते) होतो १ + ३९ × ०.१५, म्हणजे ६.८५. २४० भागिले ६.८५, साधारण ३५. तुमच्याकडे २४० नाही, ३५ मुलांएवढीच माहिती आहे! पी-व्हॅल्यू मात्र २४० च्या तोऱ्यात छापून येते. वर्ग पुरेसे असतील तर मल्टिलेव्हल मॉडेल (मुलं आणि वर्ग असे दोन्ही थर धरणारं) लावा, थोडे असतील तर वर्गाच्या सरासरीवर काम करा आणि नमुना लहान आहे हे कबूल करा. पण एका पद्धतीला एकच वर्ग असेल, तर खरं सांगायचं तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही, फरक पद्धतीचा आहे की त्या वर्गाच्या बाईंचा हे वेगळं काढताच येत नाही. हे डेटा गोळा करायच्या आधी लक्षात आलं तर ठीक, नंतर फक्त मर्यादांच्या प्रकरणात लिहायचं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. पाच गट असताना दोन-दोन घेऊन टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) करू नका, दहा टेस्ट होतात आणि त्या स्वतंत्र धरल्या तर निदान एकदा तरी खोटा फरक सापडायची शक्यता ४० टक्क्यांवर जाते. आधी अ‍ॅनोव्हा, मग टुकी (सगळ्या जोड्यांची एकदम तुलना करणारी टेस्ट). एफ सिग्निफिकंट आला म्हणजे सगळे गट वेगळे असं नसतं, वरच्या उदाहरणात टुकीला साधारण ६ गुणांचा फरक लागतो, म्हणजे दुसरा गट बाकी दोघांपेक्षा पुढे, पण पहिला आणि तिसरा यांच्यात फरक सिद्ध होत नाही. लेव्हीन टेस्ट (सगळ्या गटांचा पसारा सारखा आहे का ते बघणारी) बिघडली तर घाबरून डेटा बदलायचा नाही, वेल्च अ‍ॅनोव्हा आणि गेम्स-हॉवेल घ्या, या दोन्हींना सारखा पसारा लागत नाही. नॉर्मॅलिटी (आकडे घंटेच्या आकारात पसरलेत का) रेसिड्युअलची, म्हणजे प्रत्येकाचे गुण वजा मॉडेलचा अंदाज, यांची तपासतात, सगळ्या गुणांचा एकत्र हिस्टोग्राम काढून "डेटा नॉर्मल नाही" म्हणून रडू नका, गटांचे मीन वेगळे असतील तर तो दोन उंचवट्यांचाही दिसू शकतो. आणि पी ०.००० असं लिहू नका, शून्य कधीच नसतो, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा.

आता प्री-टेस्टची, म्हणजे उपक्रमाच्या आधी घेतलेल्या परीक्षेची चूक. सर्वात कमी गुणांची मुलं निवडायची, जादा तास घ्यायचे, पुन्हा परीक्षा, गुण वाढले, उपक्रम यशस्वी! अहो, काहीच केलं नसतं तरी त्यांचे गुण थोडे वाढले असते, कारण त्या दिवशी काहींचं नशीबच वाईट होतं. गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं, रिग्रेशन हे नावच तिथून आलंय. कंट्रोल गट (ज्याला जादा तास दिले नाहीत असा) नसेल तर ही वाढ कोणाच्या खात्यात टाकायची? अ‍ॅन्कोव्हा (प्री-टेस्टचे गुण हिशोबात धरून गटांची तुलना) करताना गट आणि प्री-टेस्टचं इंटरअ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गटात प्री-टेस्टचा परिणाम वेगळा आहे का, ते आधी तपासा, चढ वेगवेगळे असतील तर साधं अ‍ॅन्कोव्हा दिशाभूल करतं.

रिग्रेशनमध्ये स्टेपवाइजचं बटण मला तरी आवडत नाही, दहा व्हेरिएबल टाकून मशीनला निवडायला सांगायचं आणि मग त्यावर थिअरी लिहायची, नवीन नमुन्यात तीच यादी सहसा येत नाही. शिवाय बुद्ध्यांक आणि मागच्या वर्षीचे गुण दोन्ही टाकले की ते एकमेकांचं खातात, एखाद्याचं चिन्हच उलटं होतं. व्हीआयएफ (एक व्हेरिएबल बाकीच्यांशी किती गुंतलंय ते सांगणारा आकडा) बघा, ५ च्या वर गेला तर थांबून विचार करा.

एक शेवटचा घोळ, जो हल्ली बराच येतो : गाइडने एसपीएसएसवर केलं, तुम्ही आरवर, आणि टू-वे अ‍ॅनोव्हाचे (दोन फॅक्टर एकदम धरणाऱ्या) आकडे जुळत नाहीत. गटांमधली संख्या असमान असेल तर हे होणारच. आरचं साधं अ‍ॅनोव्हा टाइप १ ची वर्गांची बेरीज (सम ऑफ स्क्वेअर्स) घेतं, ज्यात कुठला फॅक्टर आधी लिहिलाय यावर उत्तर बदलतं, एसपीएसएस टाइप ३ घेतं. आरमध्ये कार (car) पॅकेजचं मोठ्या ए-वालं (Anova) अ‍ॅनोव्हा वापरा, टाइप ३ मागा, पण त्याआधी कॉन्ट्रास्ट (गटांना आतून आकडे द्यायची पद्धत) contr.sum करून घ्या, नाहीतर तेही चुकीचंच येईल आणि तुम्ही दोघं पुन्हा फोनवर भांडत बसाल.