मोझेलच्या काठाने रोडबाईक चालवताय? या चुका टाळा

ट्रियर ते कोब्लेंझ हे अंतर सरळ रेषेत मोजलं तर जेमतेम ९५ किलोमीटर भरतं. मोझेल नदी मात्र तेवढंच अंतर कापायला १९० किलोमीटरहून जास्त वाहते. जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल आणि हुन्सरुक या दोन डोंगराळ पठारांच्या मधून ती इतकी वळणं घेत जाते, की सकाळी डाव्या हाताला दिसलेला किल्ला तासाभराने उजव्या हाताला येतो. दोन्ही बाजूंना रीसलिंग द्राक्षांचे मळे, खाली नदी आणि काठाने बहुतांश डांबरी सायकलमार्ग. रोडबाईक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालणारी हलकी सायकल, चालवणाऱ्याला याहून सुंदर खोरं शोधावं लागेल. पण इथे माणसं फसतात ती या वळणांमुळेच. गाव जवळ वाटतं, रस्ता सोपा वाटतो, आणि दोन्ही अंदाज चुकतात.

अंतर नकाशावर बोटाने मोजणं

बर्नकास्टल-कूस ते ट्राबेन-ट्रार्बाख हे अंतर डोंगरावरून पायी सहा-सात किलोमीटर आहे. नदीकाठाने तेच साधारण २४ किलोमीटर होतं. दुपारी चार वाजता बर्नकास्टलच्या चौकात बसून ‘पुढचं गाव इथेच तर आहे’ म्हणणाऱ्याला हा फरक संध्याकाळी कळतो. म्हणून मुक्काम ठरवताना गावांमधलं अंतर सायकलमार्गाच्या आकड्यांवरूनच घ्या, आणि ते शक्यतो आदल्या रात्रीच बघून ठेवा.

अंदाज चुकलाच, तर खालच्या मोझेलवर, म्हणजे कोब्लेंझकडच्या भागात, रेल्वे मदतीला येते. कोब्लेंझ-ट्रियर रेल्वेमार्ग नदीची मोठी वळणं बोगद्यांनी कापतो. एडिगर-एलर आणि कोखेम यांच्यामध्ये नदी वीस किलोमीटरहून मोठा वळसा घालते. रेल्वे तेच अंतर ४.२ किलोमीटरच्या कैसर-विल्हेल्म बोगद्यातून काही मिनिटांत संपवते. पाय संपले असतील तर एडिगर-एलरला सायकल गाडीत चढवा, त्यात कमीपणा काही नाही. ऱ्हाइनलांड-फाल्झ राज्यात प्रादेशिक गाड्यांमध्ये सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर सायकल मोफत नेता येते. अट एकच, डब्यात जागा हवी. मात्र या वळशात बाइलश्टाइनसारखं देखणं गाव आहे, म्हणून दमला नसाल तर तो चुकवू नका. समोरच्या काठावरून जात असाल तर एलेन्झ-पोल्टर्सडॉर्फहून छोट्या फेरीबोटीने पलीकडे उतरता येतं.

एक गोष्ट आधीच ठाऊक हवी. कोब्लेंझहून येणारा मुख्य रेल्वेमार्ग बुलाय गावाच्या पुढे नदीला सोडून डोंगरापलीकडे जातो. तिथून ट्राबेन-ट्रार्बाखपर्यंत एक छोटा फाटा आहे आणि तोही तिथेच संपतो. त्यानंतर ट्रियरजवळच्या श्वाइखपर्यंत, म्हणजे सत्तरेक किलोमीटर, काठावर स्टेशनच नाही. या टप्प्यात उन्हाळी हंगामात सायकलींसाठी ट्रेलर जोडलेली बस धावते. तिच्यात जागा आधी राखून ठेवलेली बरी. सगळ्यात जास्त पाणी, सगळ्यात जास्त खाणं आणि दुसरी ट्यूब याच टप्प्यासाठी घ्या.

सपाट रस्ता म्हणजे सोपा रस्ता असं धरून चालणं

ही चूक चांगल्या, तयारीच्या सायकलस्वारांकडूनच जास्त होते. ट्रियरपासून कोब्लेंझपर्यंत नदीची पातळी साधारण ६० मीटरच उतरते. त्यातही १९६४ मध्ये मोझेल मोठ्या जहाजांसाठी खुली झाली ती बंधारे आणि लॉक (जहाजं वर-खाली करणारे पाण्याचे कप्पे) बांधून. ट्रियर ते कोब्लेंझ असे १० बंधारे आहेत आणि दोन बंधाऱ्यांमधलं पाणी तळ्यासारखं संथ असतं. ‘नदीबरोबर खाली चाललोय’ या भावनेचा पायांना काडीचाही फायदा मिळत नाही.

घाटात चढ संपला की उतार येतो. उतारावर पाय थांबतात, खांदे सैल होतात, माणूस सीटवरून जरा उठतो. इथे ते होतच नाही. तीन-चार तास एकच बैठक, एकच गिअर, हात एकाच जागी. मग साठाव्या किलोमीटरला तळहाताला मुंग्या येतात, मान भरते आणि सीटवर बसवत नाही. फिटनेस चांगला असूनही हे होतं, कारण दम शिल्लक असतो पण त्याच त्याच जागी दाब येत राहतो.

यावर उपाय साधे आहेत, फक्त दुखायला लागण्याआधी करायचे. दर १५ मिनिटांनी पेडलवर उभे राहून वीस-तीस फेऱ्या मारा. हात हूडवरून (ब्रेकच्या वरच्या मुठी) ड्रॉपवर (हँडलचा खाली वळलेला भाग), ड्रॉपवरून वरच्या सरळ दांड्यावर असे बदलत राहा. गिअर एक पायरी हलका ठेवून मिनिटाला ८५-९० फेऱ्यांची लय धरा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार येतोय. कोपर किंचित वाकवा आणि मनगट सरळ ठेवा. तरीही थांबत नसेल तर सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा. भाड्याच्या सायकलवर ते पुष्कळदा झुकलेलं असतं आणि सगळं वजन हातांवर ढकलतं.

वाऱ्याचंही तसंच. या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून ट्रियरहून कोब्लेंझकडे जाणं शहाणपणाचं. पण नदी वळते तसा तोच वारा कधी पाठीवर, कधी छातीवर येतो. समोरून वारा लागला की वेग टिकवण्यासाठी जोर लावणं, ही इथली हमखास चूक. कॉम्प्युटरवरचा वेग बघू नका, श्वास बघा. समोरच्या वाऱ्यात २० चा वेग मान्य करा. पुढच्या वळणानंतर २८ चा वेग आपोआप मिळतो.

ॲप म्हणेल त्या वाटेने मळ्यात शिरणं

नेव्हिगेशन ॲपला वळसा आवडत नाही. ते तुम्हाला काठ सोडून द्राक्षमळ्यांतल्या काँक्रीटच्या वाटेवर चढवतं. या वाटा ट्रॅक्टरसाठी बांधल्या आहेत. त्यांवर १५-२० टक्के चढ नवलाचा नाही. मळे किती उभे असू शकतात याची कल्पना ब्रेम गावात येते. तिथल्या काल्मोंट डोंगरावर काही ठिकाणी उतार ६५ अंशांपर्यंत जातो आणि शेतकरी एका रुळावर चालणाऱ्या छोट्या गाडीतून वर जातात. मार्ग आखल्यावर चढ-उताराचा आलेख उघडा. काठाच्या राईडमध्ये अचानक २०० मीटरचा सुळका दिसला, तर ॲपने तुम्हाला डोंगरावर पाठवलंय.

मुद्दाम वर जायचं असेल तर जरूर जा. वरून दिसणारं वळण खालून कधीच दिसत नाही. फक्त मागे ३२ किंवा ३४ दात्यांचं चक्र असू द्या, आणि उतरताना सांभाळा. पावसाचं पाणी काढायला या वाटांवर आडवे पन्हाळ बसवलेले असतात. ते काटकोनात ओलांडा, तिरके घेतलेत तर पुढचं चाक निसटतं.

इथली जमीन स्लेटच्या पाटीदार दगडाची. दिवसभर ऊन साठवून रात्री वेलींना ऊब देणारा हा दगड वाईनसाठी वरदान आहे, टायरसाठी नाही. पावसानंतर त्याच्या धारदार कपच्या वाटेवर येतात आणि टायरची बाजू कापतात. असा काप सीलंटने (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) भरत नाही, आणि नवी ट्यूब घातली तर ती कापातून फुगून फुटते. म्हणून सोबत जुन्या टायरचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवा. कापाच्या आतून तो लावा, मग ट्यूब घाला आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरा. एरवीही फार कडक हवा नको. ७० किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास पुरते, आणि जुन्या गावांतल्या दगडी फरसबंदीवर हात वाचतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी चालते. तेव्हा मळ्यातल्या वाटांवर ट्रॅक्टरचा पहिला हक्क माना. वळणावर थांबून बाजू द्या. त्यांचं वर्षभराचं काम त्या काही आठवड्यांत घरी यायचं असतं. उन्हाळ्यात उभ्या मळ्यांवर हेलिकॉप्टरने औषधफवारणी होते. वाट अडवलेली असेल तर घुसू नका.

डावी-उजवी आणि ब्रेक

डावीकडून चालवायची सवय असलेल्या माणसाचा धोका पहिल्या तासात नसतो, तेव्हा तो जागरूक असतो. फोटो काढायला थांबून, मोकळ्या रस्त्यावर पुन्हा निघताना तो नकळत डावीकडे जातो. प्रत्येक थांब्यानंतर ‘उजवीकडे’ हा शब्द मोठ्याने उच्चारा. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला पहिला हक्क असतो, अगदी छोट्या गल्लीतून येणाऱ्यालासुद्धा.

भाड्याच्या सायकलला पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. आपल्याकडे तो उजव्या हाताला असायची सवय. घाबरून दाबला तर चुकीचं चाक अडकतं. निघण्याआधी मोकळ्या जागेत दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा, किंवा दुकानातच केबल बदलून मागा.

सायकलचं चित्र असलेली निळी गोल पाटी म्हणजे तो सायकलमार्ग वापरणं सक्तीचं. पाटी नसेल तिथे रोडबाईक मुख्य रस्त्यावर चालवता येते. पण काठाचा मार्ग मुलं, आजी-आजोबा आणि सामान लादलेल्या सायकलींचाही आहे. तिथे ३० चा वेग नको. वेग हवाच असेल तर सकाळी लवकर निघा. घंटी आणि दिवे कायद्याने लागतात. हातात फोन धरून सायकल चालवली तर ५५ युरो दंड आहे.

‘एकच ग्लास’ दुपारी घेणं

इथे येऊन रीसलिंग चाखायची नाही असं मी कुणालाच सांगणार नाही. पण कधी, हे ठरवा. तहानलेल्या शरीरात, उन्हात, रिकाम्या पोटी गेलेला ग्लास नेहमीच्या ग्लासापेक्षा जड पडतो, आणि समोर अजून चाळीस किलोमीटर असतात. कायदाही स्पष्ट आहे. रक्तात दर हजारी १.६ मद्यांश असेल तर सायकल चालवणं हाच गुन्हा. तोल जात असेल किंवा अपघात झाला तर ०.३ पासूनच कारवाई होऊ शकते.

दिवसाचा शेवटचा किलोमीटर झाल्यावर बसा. दुपारी चाखायचीच असेल तर ‘काबिनेट’ प्रकारातली किंचित गोड रीसलिंग मागा आणि दोन घोटांवर थांबा. द्राक्षातली काही साखर तशीच राहिल्यामुळे तिच्यात मद्यांश बऱ्याचदा ८ ते १० टक्केच असतो. ‘ट्रोकन’, म्हणजे कोरडी वाईन, याहून चढते. दारावर फांदी किंवा फुलांचा झुबका टांगलेलं घर दिसलं तर ती श्ट्राउसविर्टशाफ्ट. शेतकरी स्वतःची वाईन वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, ४० आसनांच्या आत, तिथे विकतो. ती जागा संध्याकाळसाठी राखून ठेवा. बाटल्या पाठीवर वाहू नका, घरपोच पाठवता येतील का ते विचारा.

हवामान आणि रविवार

शरद ऋतूत सकाळी खोऱ्यात धुकं बसतं आणि ते उशिरापर्यंत हटत नाही. पुढचा-मागचा दिवा लावूनच निघा. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला पूर आला की काठाचा मार्गच पाण्याखाली जातो. पाणी ओसरल्यावर जो चिखल उरतो तो बर्फासारखा निसरडा असतो, तेव्हा रस्त्यावरूनच जा. गावांतल्या भिंतींवर डिसेंबर १९९३ च्या पुराच्या खुणा डोक्याच्या वर दिसतात. ऑगस्टच्या उन्हात मळ्यांचा दक्षिणमुखी काठ तापतो, तेव्हा पूल ओलांडून झाडीच्या बाजूने चला.

रविवारी दुकानं बंद असतात, सायकलदुरुस्तीचीसुद्धा. चेनची जोडकडी, दोन ट्यूब आणि दुपारचं खाणं शनिवारी संध्याकाळपर्यंत घेऊन ठेवा.